बराखीतला गोडसर वास

आमच्या जैन घरात कांदा येत नाही. ओतूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. समोरून कांद्यानं भरलेल्या पिकअप जायच्या, पण चिरलेला कांदा मी हातात घेतला तो कॉलेजात गेल्यावर. आणि स्टार्टअप काढलं तेही कांद्याचंच.

माझी भागीदार म्हणजे कॉलेजातली मैत्रीण, बोरी बुद्रुकची. तिच्याकडे कांदा बराखीत, म्हणजे जाळीच्या लांबट शेडमध्ये साठवतात. आत एक सडला की शेजारचे सडत जातात, आणि बाहेरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तो वास आधीच ओळखून मोबाइलवर मेसेज पाठवणारी डबी आम्ही बनवली होती. पुण्यात परीक्षक आणि गुंतवणूकदारांपुढे ती मांडायची, म्हणून तिच्या अंगणात सराव चालला होता. परीक्षक तीच.

"तुमी कांदा खात न्हाई. मग ह्या धंद्यात तुमीच का?" तिनं मुद्दाम आवाज जड करून विचारलं.

उत्तराचा विचार करत बराखीच्या कडेनं फिरताना मी एका जागी थांबले.

"इथं काहीतरी गोडसर वास येतोय."

"मला तर कांद्याचाच येतोय," ती म्हणाली.

डबीनंही काही कळवलं नव्हतं. आम्ही जाळी सोडली, वरचे कांदे बाजूला केले. आतला एक मानेशी, देठाजवळ, मऊ पडला होता.

मग भाषण राहिलंच बाजूला. चांगले आणि सडके कांदे बरण्यांत घालून आम्ही डोळे बांधून हुंगत बसलो. मला ओळखू यायचे, तिला नाही. "जन्मापासून ह्यातच हाये मी, नाकाला सवय झाली आसंल," ती म्हणाली. डबीनं किती वासाला मेसेज पाठवायचा, ते आम्ही माझ्या नाकावरून ठरवलं.

घरी गेले तर मम्मी दारातच म्हणाली, "आधी अंघोळ." पण ओढणी धुवायला घेताना तिनं हळूच हुंगली. "सडक्याचा वास वेगळा कसा गं येतो? पिकल्या केळ्यासारखा?"

पुण्यात 'तुम्हीच का' असं कुणी विचारलंच नाही. "पावसाळी दमट हवेत ही डबी चुकणार नाही का?" एका परीक्षक बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, अजून बघितलं नाही," मी म्हणाले.

आमची निवड झाली नाही. परतताना एसटीत मैत्रीण त्या प्रश्नाबद्दलच बोलत होती. त्या पावसाळ्यात डबी बराखीत टांगली. धुकं उतरलं की ती उगाच मेसेज पाठवते, पण भर पावसात गप्प असते. असं का, ते आम्ही अजून शोधतोय.