बाबनरावांचा बटणवाला फोन

आमच्या तांडापेठेत बाबनराव धकात्यांच्या घरातून एखादी वस्तू कचऱ्यात गेली असं कुणी सांगितलं, तर मी विश्वास ठेवणार नाही. फुटक्या कुकरची शिटी, सायकलची घंटी, इतकंच काय, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेल्या हाराचा दोरासुद्धा त्यांनी जपून ठेवला आहे. फुलं सुकली, पण दोरा चांगला होता ना. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. बाबनरावांचा जन्म कंपनीच्या बसने कामावर जाण्यायेण्यात गेला, पण तुटका धागा दिसला की अजून त्यांची बोटं गाठ मारायला धावतात.

फोनच्या बाबतीतही त्यांचा हाच कायदा. आलेला फोन आपल्या हाताने कापायचा नाही. "धागा तोडाले काय लागते? सांधाले अक्कल लागते," असं त्यांचे वडील म्हणायचे. त्यामुळे कर्ज विकणाऱ्या मुलींचाही फोन ते कधी कापत नाहीत. एकदा अशाच एका मुलीच्या आईच्या गुडघ्यांची त्यांनी इतकी चौकशी केली, की शेवटी तिनेच हात टेकले.

फोन म्हणजे बटणवाला, जुना, रबर बांधलेला. पुण्याहून प्रणालीने, त्यांच्या लेकीने, टचवाला पाठवला होता. तो कपाटात कागदासकट झोपला आहे. "हात लावला का भलतंच उघडते," ही त्यांची तक्रार. पण मधे त्यांच्या घरात रेंज यायची बंद झाली आणि नेमकी शेजारी माझ्या जिन्यावर यायला लागली. मग काय, दिवसभर बाबनराव माझ्या जिन्यात. जिना माझा, पण वर जायला वाट मलाच मागावी लागायची.

तिथेच मी ते नाव पाहिलं. फोन वाजत होता, पडद्यावर अक्षरं होती, 'उचलू नको', आणि बाबनराव तो हातात धरून शांतपणे आभाळाकडे बघत होते.

हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, उमरेडचा चंद्रभान. वडील गेल्यावर त्याने घरातल्या मागाची लाकडं सुताराला दिली आणि त्यांची खाट करून घेतली. "बाबाचा माग, अन् हा त्याच्यावर पाय पसरून झोपते," म्हणून बाबनरावांनी बोलणं टाकलं. उचललेला फोन तर कापता येत नाही. तेव्हा उचलायचाच नाही, अशी युक्ती काढून त्यांनी प्रणालीकडून ते नाव टाकून घेतलं होतं. चंद्रभान बिचारा पोळ्याला करी, दिवाळीला करी. इकडे फोन वाजून वाजून गप्प.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. चंद्रभानच्या लेकीचं, मिनलचं, लग्न ठरलं होतं. हा अबोला सुरू व्हायच्या आधी, कॉलेजची सगळी वर्षं मिनल बाबनरावांच्या घरात राहिली. पुष्पलता वहिनींनी, बाबनरावांच्या बायकोने, तिचा डबा केला, वेण्या घातल्या. त्यांच्या घराण्यात पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी थोरल्या भावाला, आणि ती त्याने हातात घेतल्याशिवाय बाकी कुणाला नाही. न विचारता यावं आणि दार बंद मिळावं, तर सगळ्या नात्यात हसं. म्हणून चंद्रभान आधी फोन करी, आणि पत्रिकांचा गठ्ठा उमरेडला तसाच पडून होता. लग्न तोंडावर आलं होतं.

"माह्या हातानं वाढवली पोरगी," वहिनी मला म्हणाल्या, "अन् तिच्या हळदीले मी राहणार नाही." नवऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी जिन्याचा मालक या नात्याने मीच बाबनरावांना पिंटूच्या मोबाइलच्या दुकानात नेलं. पिंटू म्हणाला, "काकाजी, फोन टनाटन हाये. नंबरबी तोच राहीन. फक्त कंपनी बदलू." बाबनरावांचा चेहरा असा खुलला, की जणू हा फोन त्यांनी स्वतःच बनवला होता. नवं सिम आलं त्या दिवशी पिंटूने विचारलं, "नावं फोनमधी हायेत का सिममधी?"

"फोनमधीच. दुसरीकडं काहून राहतीन?"

नावं सगळी सिममध्ये होती. जुनं सिम काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं. घरी खोलीत फुल्ल रेंज आली, आणि पडद्यावर एकही नाव उरलं नाही. मग जुन्या सिमसाठी घर पालथं घातलं. खिसा रिकामा. "मले काय माहीत जी," वहिनी म्हणाल्या.

आता 'कोण बोलता' असं विचारायचं, तर तेही यांना पटत नाही. "ज्यानं केला त्याले माहीत हाये तो कोण हाये. म्या काहून इचारू?" परिणामी गॅसवाल्याला दोन मिनिटं जावईबापू म्हणून झालं, आणि खऱ्या जावयाला सिलिंडर लवकर पाठवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तिथे चहा पीत होतो. फोन वाजला, बाबनरावांनी उचलला. "बोला, बोला. लय दिवसानं आठवण केली."

पलीकडून आवाज आला, "दादा?"

त्यांचा फोन इतका मोठ्याने बोलतो की सगळं घर ऐकतं. वहिनी पोळपाट सोडून दारात आल्या. बाबनरावांचा अंगठा लाल बटणावर गेला आणि तिथेच राहिला. कापवेना. पलीकडचाही कापेना, तोही त्याच बापाचा लेक.

"मागाची खाट केली तू," शेवटी बाबनराव म्हणाले.

"वाळवी लागून राहिली होती, दादा. चांगलं लाकूड तेवढं वाचवलं. जाळाले मन झालं नाही." मग त्याने विचारलं, "तुहा आवाज लय साफ येऊन राहिला. फोन नवा घेतला का?"

"जुनाच हाये. कंपनी बदलली. चांगला फोन काहून फेकू?"

"मग म्या दुसरं काय केलं, दादा?"

बाबनरावांनी अंगठा लाल बटणावरून काढला. मी चहाच्या कपात बघत राहिलो, कारण मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

"पत्रिका कोणाच्या हातानं पाठवू नको," बाबनराव खाकरून म्हणाले. "सोता ये. वहिनी तुही पोळ्या करून राहिली."

लग्न थाटात झालं. दुपारी पाहुण्यांच्या गर्दीत थोरल्या भावाला आराम म्हणून त्याच खाटेवर टेकवलं, तर हा माणूस वरात निघेपर्यंत घोरत होता. परत आल्यावर मला म्हणाले, "लाकूड एक नंबर हाये."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कुंकवाच्या करंड्यातून ते जुनं सिम काढलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. शर्ट धुवायला घेतला तेव्हाच मिळालं होतं म्हणे. बाबनरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि थेट पिंटूचं दुकान गाठलं. पिंटूने सगळी नावं परत फोनमध्ये भरून दिली.

काल संध्याकाळी मी तिथेच होतो. फोन वाजला. पडद्यावर तेच, 'उचलू नको'.

"अहो, आता तरी नाव बदला," मी म्हणालो.

"काहून? चालून तर राहिलं," ते म्हणाले, आणि फोन कानाला लावला. "बोल गा."