मापापुरत्या वहिनी

खैरनार सर शिल्पाचा फोटो काढायचे तेव्हा पायथ्याशी आपल्या बायकोला उभं करायचे, पाठमोरं. सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला: नाशिकच्या चौकाचौकांतली पोलादाची, सिमेंटची अमूर्त शिल्पं टिपायची. "माणूस नसला तर तीस फुटांचं शिल्प पेपरवेटसारखं दिसतं, बाई," ते मला सांगायचे. "माप कळायला माणूस लागतो."

माप म्हणजे वहिनी. पाच फूट एक इंच. राखाडी पोलादापुढे उठून दिसावं म्हणून अंगावर लाल शाल, ऐन मे महिन्यातही. एकदा अंबडच्या एका चौकात मीही बरोबर होते. वहिनी उन्हानं मटकन खाली बसल्या. "ऊठ गं, माप बिघडलं," सर कॅमेऱ्यामागून ओरडले. मी पाणी घेऊन धावले. सरांच्या नजरेचं मला भारी कौतुक होतं, पण त्या दिवशी त्यांचा संताप आला.

पाणी पिऊन वहिनी म्हणाल्या, "अहो, एक तोंडाचा काढा ना. लग्नातला सोडला तर माझा धड फोटोच नाही."

"तोंड आलं की लोक तोंडच बघत बसतात. शिल्प राहतं बाजूला."

त्या हसल्या आणि पुन्हा पाठ करून उभ्या राहिल्या.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी सरांनी कॉम्प्युटर उघडला. हजारभर फोटो, बहुतेकांत वहिनी, अंगठ्याएवढ्या, पाठमोऱ्या. फ्लेक्सवाला वैतागला, "काका, चेहरा असलेला द्या ना एखादा!" शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला. दशक्रियेला गोदाकाठी हार घातलेल्या त्या फोटोत वहिनी ओळखू येत नव्हत्या. सर बराच वेळ बघत राहिले. आता रडतील, असं मला वाटलं.

"मोठा करताना फाटलाय," ते म्हणाले. "उजेडही समोरून मारलाय गाढवानं."

पुढच्या महिन्यात ते माझ्या दारात आले. हातात पिशवी, पिशवीत लाल शाल. "बाई, तुमची उंची साधारण तेवढीच ना?"

दार लावून घ्यायला हवं होतं. मी गेले. शाल पांघरली, शिल्पाखाली उभी राहिले, पाठ केली. शालीला अजून वहिनींच्या खोबरेल तेलाचा वास होता.

"हां, अस्संच," मागून सर म्हणाले. "तिच्यापेक्षा तुम्ही स्थिर उभ्या राहता."

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.