तांबीचे गुण-दुर्गुण

माणसाला रामराम घालण्याआधी मामा त्याच्या कुत्र्याचे पंजे बघायचे. कुत्रा पाटलाचा असो की वाण्याच्या उंबऱ्यावरचा, मामा उकिडवे बसणार, पंजा तळहातावर घेणार, अंगठ्याने बोटांच्या बेचक्या दाबून पाहणार आणि मग मान वर न करताच म्हणणार, "बरं हाय का?" मालकाला वाटे, आपलीच चौकशी चालली आहे. तो सांगू लागे. मामांचे लक्ष पंजात.

उकिडवे बसले तरी त्यांच्या टाचा जमिनीला टेकत नसत. चालतानाही तसेच. त्यांच्या वहाणा पुढून झिजून कागदासारख्या झालेल्या, आणि टाचेकडे नव्याच्या नव्या. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. बसलेला असला तरी तो निघालेलाच दिसतो.

दुष्काळाचे साल होते. पाथर्डी तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. बी.ए. होऊन वर्षही झाले नव्हते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे मस्टरवरची नावेसुद्धा मी वळणदार अक्षरात लिहीत असे. मामा आणि मामी, अख्खे कामच त्यांना तसे म्हणे, तिथे खडी फोडायला येत. त्यांच्याबरोबर येई तांबी.

तांबी ही मामांची कुत्री. बाप कारवानी, म्हणजे उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा. आई धनगराच्या मेंढरांमागे राहणारी, केसाळ आणि ठेंगणी. तिच्या आईला जोडी हवी म्हणून, शेवगावकडच्या एका कारवानी कुत्र्याची कीर्ती ऐकून मामा घरी न सांगता निघून गेले होते आणि मालकाची मनधरणी करून कुत्रा घेऊन आले होते. मामी हे खडी फोडता फोडता सगळ्यांना ऐकवत.

"पोरीचं स्थळ बघाया एक दिस हिंडला न्हाई ह्यो बाबा. कुत्रीचं स्थळ बघाया तीन दिस हिंडला!"

"पोरीला तूच बघितलंस की," मामा म्हणत. "जावई पळतो का चांगला?"

"पळतो ना. कामापासनं."

मामांना कुणी तांबीबद्दल विचारले, की हातातली हातोडी खाली पडायची. "सायेब, पळनारी लई हायती," ते म्हणायचे. "फिरनारं दावा."

याचा अर्थ मला माळावर कळला. सुट्टीच्या दिवशी ते मला सशाच्या शिकारीला घेऊन गेले. ससा उठला आणि तांबी सुटली. ससा बाभळीच्या जाळीआड गेला. मामा हळूच म्हणाले, "कारवानी असता तर आता हितं येड्यावानी हुबा ऱ्हायला असता. त्येला डोळ्याला दिसलं तरच शिकार. हिचं बघा." तांबीने नाक खाली घातले, जाळीला वळसा घातला आणि ससा जिथून बाहेर पडणार तिथे आधीच जाऊन उभी राहिली. पुढे ओढ्याच्या कडेला खोल दरड होती. ससा आणि तांबी दोघेही तिकडेच धावत होते. मामांनी शीळ घातली, दोन आखूड आणि एक लांब. तांबी भर वेगात थांबली. पुढचे पंजे रुतवून, धुळीचा लोट उडवून, जागच्या जागी वळली आणि परत आली. ससा गेला.

"गेला की ससा," मी म्हणालो.

"जाऊ दे. कुत्री हाय ना?"

दुसरा ससा तिने आणला तो जिवंत. तोंडातून मामांच्या हातात दिला, त्याच्या अंगावर दाताचा ओरखडा नव्हता. त्या वर्षी कामावरच्या एका बाळंतिणीच्या घरी मामांच्या हातून दर आठवड्याला काहीतरी पोहोचत असे. ते काय असते हे मला माहीत होते, आणि मी विचारत नसे.

ती शीळ मला यावी म्हणून मामांनी फार कष्ट घेतले. माझ्या तोंडातून फक्त वारा यायचा. तांबी माझ्याकडे पाहून जांभई द्यायची.

"बी.ए. झालात, पन शीळ येत न्हाई," मामा हसून म्हणत. "कालिजात शिकवत न्हाईत व्हय?"

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीचे मुकादम गावात हिंडू लागले. मामा-मामी दर वर्षी कोयता घेऊन जात. पण गेल्या हंगामात मामी उसाच्या गाडीवरून पडल्या होत्या. त्यांचा गुडघा वाकत नव्हता. मामी कधी बोलल्या नाहीत. मामाच एकदा माझ्या टेबलाशी येऊन टाचा वर करून उभे राहिले.

"सायेब, तुमच्या कोपरगावाकडं कुनाला राखनदार लागतो का? घर आन् पानी असलं म्हंजी बास. औंदा तिला कोयता झेपायचा न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम अण्णा आले. अण्णा म्हणजे गोदाकाठचे मोठे बागायतदार. हायस्कूलची सगळी वर्षे मी त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या ओसरीवर अभ्यास केला. कॉलेजलाही त्यांनीच पाठवले. त्यांच्या उसात कोल्ह्यांचा फार उपद्रव होता. उभे ऊस चावून आडवे करत. अण्णांना कुत्र्यासह राखणदार हवा आहे, हे वडिलांच्या पत्रातून मला कळले होते. पण अण्णांची एक अट होती. कुत्रा अस्सल जातीचा हवा. माणसांप्रमाणे जनावरांतही ते घराणे पाहत.

मी मामांना म्हटले, मी पत्र लिहितो. मामा खुलले. "लिवा. तांबीचे गुण लिवा," म्हणून बोटांवर मोजत सांगू लागले. पळणे बापाचे, ऐकणे आईचे. नाक आहे, डोळे आहेत. बापाची कातडी पातळ, काट्यात फाटते, थंडीत कुडकुडते. हिच्या अंगावर राठ केस. शेळीच्या कळपातून पळत जाईल, पण शेळीला नख लावणार नाही.

"आन् दुर्गुन बी लिवा."

"ते कशाला?"

"मंग? उद्या म्हनतील, सांगितलं न्हाई. रिकामी बसवली तर दोर चावती. माझ्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई. आन् लबाड हाय, पळायच्या आधी आडवी वाट हुडकती."

मी मान डोलावली आणि खोलीवर जाऊन पत्र लिहिले. अतिशय सुंदर अक्षरात लिहिले. दुर्गुण गाळले. आईला गाळले. "सदर कुत्री अस्सल कारवानी वंशाची असून" असे वाक्य घातले. मला वाटले, मी मामांचे भले करतो आहे. खरे सांगायचे तर संकराची मलाच लाज वाटली होती. पत्र मी टपालात टाकले. मामांना ते वाचून दाखवले नाही, आणि आपण विचारावे असे त्यांच्याही मनात आले नाही. शिकलेल्या माणसावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

अण्णांनी दिवाळीत बोलावले. मी रजेवर घरी निघालो होतो, म्हणून मामांना बरोबरच चला म्हटले. एस.टी.च्या दारात कंडक्टरने हात आडवा केला.

"कुत्र्याचं तिकीट नसतं."

"मंग फुकट येऊ द्या की," मामा म्हणाले.

गाडी हसली, पण कंडक्टर हसला नाही. मामा तांबीला घेऊन चालत निघाले. चौथ्या दिवशी सकाळी ते अण्णांच्या अंगणात आले. तोंडावर धूळ, वहाणा हातात. अण्णांना रामराम घालण्याआधी ते ओसरीवर बांधलेल्या राजापाशी गेले आणि त्याचे पंजे पाहू लागले. राजा हा अण्णांचा कारवानी, खरोखर देखणा कुत्रा. फक्त ऊस राखणे त्याला जमत नव्हते, आणि त्याचे खापर अण्णा राखणदारांवर फोडत.

अण्णांनी माझे पत्र आतून आणवले आणि चार माणसांत मोठ्याने वाचले. "काय अक्षर आहे! याला म्हणतात शिक्षण." ते "अस्सल कारवानी"पर्यंत आले तेव्हा मामांचा राजाच्या पंजावरचा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पायाखाली पाहत होतो. मग त्यांनी राजाचा दुसरा पंजा उचलला.

मग सगळे उसाकडे गेले. गड्यांनी एका बाजूने डबे वाजवले आणि दुसऱ्या बाजूने कोल्हा बाहेर पडला. राजा आणि तांबी एकदमच सुटले. राजा तिच्यापुढे होता, हे मान्य केले पाहिजे. पण कोल्हा पडीक रानात चरणाऱ्या शेळ्यांत घुसला. राजाला कोल्हा दिसेनासा झाला आणि करडू दिसले. अण्णा "राजा! राजा!" ओरडत राहिले, राजाने करडू धरले. तांबी शेळ्यांच्या मधून पाण्यासारखी गेली आणि पलीकडे कोल्ह्याला कालव्याच्या भिंतीशी अडवून उभी राहिली. तेवढ्यात शेळ्या राखणारी म्हातारी काठी उगारून मध्ये आली. मामांनी शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. तांबीने कोल्हा सोडला, वळली, आणि शेळ्यांमधूनच परत येऊन मामांच्या पायाशी बसली.

अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "दिवाळी झाली की ये. बायकोला आण. विहिरीजवळची खोली देतो."

मामांचे हात जोडले गेले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

अण्णा मागच्या माणसांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? अस्सल रक्त ते अस्सल रक्त. धनगराच्या कुत्र्याला जमेल का हे?"

मामांचे हात खाली आले.

"आन्ना, हिची आई धनगराचीच हाय."

"काय?"

"पळाली ती बापावर. पन फिरली ती आईवर. अस्सल तुमचा राजा हाय. त्यो न्हाई फिरला."

कुणीतरी हसले. अण्णांचा चेहरा लाल झाला. खिशातले पत्र काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. "मग हे खोटं कुणी लिहिलं?"

मी तोंड उघडले. तोंडातून वारासुद्धा आला नाही.

"म्याच सांगितलं तसं," मामा म्हणाले. "सायेबांनी सांगंल ते लिवलं. त्यांला काय ठावं कुत्र्यातलं?"

"खोटं सांगून काम मागणारा माणूस मला रानावर नको," अण्णा म्हणाले. त्यांच्या बाजूने ते चुकले नव्हते.

मी मामांना फाट्यापाशी गाठले. म्हणालो, "मामा, मी आत्ता जाऊन खरं सांगतो."

"नगा. तुमचं नाव हाय त्यांच्याकडं. माजं कुठं हुतं?"

"पण तुम्ही गप्प बसला असतात तर खोली मिळाली असती. मामींसाठी तरी..."

ते थांबले, पण टाचा टेकल्या नाहीत. "पत्रापुरतं बसलो हुतो की गप. पन त्यांनी तिची आई काडली, सायेब. मंग न्हाई ऱ्हावलं." थोडे पुढे जाऊन ते मागे वळून म्हणाले, "अक्षर मातर लई गोड हाय म्हनत हुते."

यात टोमणा होता की कौतुक, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

रजा संपवून मी कामावर गेलो. मामा-मामी आले नाहीत. मस्टरवर त्यांच्या नावापुढे मी रोज एक फुली मारत होतो. मापे लिहिताना चुका होऊ लागल्या. शेवटी महिन्याने मी कोपरगाव गाठले आणि अण्णांना सगळे सांगितले. ते शेंगा फोडत होते, फोडतच राहिले. मग म्हणाले, "एवढं शिकवलं तुला, आणि एक वाक्य बोलायला महिना लागला?" टरफले झटकून म्हणाले, "जा, घेऊन ये त्यांना. खोली रिकामीच आहे."

मी पाथर्डीची गाडी धरली. मामांच्या घराच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. शेजारीण म्हणाली, टोळी गेली उसाला. कुठल्या कारखान्याला, ते तिला माहीत नव्हते. मामी गाडीत चढताना रडल्या, एवढेच तिने सांगितले.

त्या हंगामात मी दर रविवारी एका कारखान्यावरचा तोडकऱ्यांचा तळ धुंडाळला. त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांमधून, कोप्यांमधून, शीळ घालत हिंडलो. आता मला शीळ येऊ लागली होती. तळावरची कुत्री कान टवकारत आणि पुन्हा झोपत.

हंगाम संपत आला असताना राहुरीच्या अलीकडे माझ्या एस.टी.ने उसाच्या रिकाम्या बैलगाड्यांची एक रांग ओलांडली. पुढच्या गाड्यांच्या बाजूने एक तांबडी कुत्री पळत होती. मी खिडकीतून डोके काढले आणि जीव ओतून शीळ घातली. दोन आखूड, एक लांब.

ती थांबली. पंजे रुतवून, धूळ उडवून, जागच्या जागी वळली.

"गाडी थांबवा!" मी ओरडलो. कंडक्टर म्हणाला, "थांबा आला की थांबंल." घंटीची दोरी मीच ओढली. ड्रायव्हरने शिव्या दिल्या आणि गाडी बऱ्याच पुढे जाऊन उभी राहिली. मी धावत मागे आलो. तोवर गाड्या रस्ता सोडून उसाच्या पट्ट्यात शिरल्या होत्या. तिथून चार वाटा फुटत होत्या. चारही वाटांवर चाकोऱ्या होत्या आणि वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांचा, हिरवा कचरा सांडलेला होता. ओठ कोरडे पडेपर्यंत मी शीळ घातली.

मग ती थांबली होती त्या जागी परत आलो. रस्त्याच्या कडेला मऊ धूळ होती. तिच्यात पुढच्या दोन पंजांचे खोल ठसे होते, नखांसकट. मी उकिडवा बसलो. ठशांना लागूनच वहाणांचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, कुणी थोडा वेळ उभे राहून पाहावे तसे. तोंड एस.टी. गेली त्या दिशेला. फक्त पुढचा भाग उमटला होता. टाचेच्या जागी धूळ तशीच होती.