नागपूर ते टोरांटो, खोबऱ्याच्या वाटीविना

नंदनवनातल्या आमच्या घरातून निघण्याआधी ह्यांनी मोबाइलवर नागपूर ते टोरांटो सरळ रेघ ओढून दाखवली. त्या रेघेवरून जाणारं विमान मात्र एकही नाही. आधी दिल्ली, मग अर्धी पृथ्वी. तिकडे मृणालला, आमच्या एकुलत्या लेकीला, डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं होतं. बाळ येण्याआधी मला पोचायचं होतं, आणि अंतरापायी राहून गेलेली तिची ओटी भरायची होती.

"काहून घाबरून राहिली वं?" हे म्हणाले. "आपण देशाच्या मधात राहतो. कुठंही जा, अंतर सारखंच!"

बोलायला काय जातं! विमानात एकटीनं बसायचं होतं मला.

विमानतळावर तपासणीत माझी पिशवी अडली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, सगळं चाललं. खोबऱ्याची वाटी तेवढी बाजूला निघाली.

"मावशी, हे नाही नेता येत. सुकं खोबरं लवकर पेटते," वर्दीतली मुलगी म्हणाली.

"अवं बाई, लेकीच्या ओटीचं आहे ते!"

"समजते मले. पण नियम आहे. बाहेर कोणी असन तर देऊन या."

दारापर्यंत परत येऊन मी वाटी ह्यांच्या हातात ठेवली. खोबऱ्याविना कसली ओटी! मला रडूच आलं.

दिल्लीहून पुढे शेजारी लुधियान्याच्या एक आजी होत्या. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान जागचं हलेना. मी सारखी तिकडेच बघत होते.

"देखती रहोगी तो और धीरे चलेगा," म्हणत त्यांनी पिन्नी (कणीक-तुपाचा लाडू) पुढे केली. मग मीही लेकीसाठी बांधलेली संत्राबर्फी उघडली.

"पहला बच्चा है? माँ का इंतज़ार करेगा."

हे कुठलं शास्त्र कोण जाणे, पण मी ते घट्ट धरून बसले. खाली पांढरी, गोठलेली जमीन संपता संपत नव्हती.

टोरांटोला जावई अमेय दाराशीच उभा होता. "आई, अजून नाही. चला लवकर!"

दवाखान्यात मृणालनं माझा हात असा धरला की बांगडी वाकली. थोड्या वेळानं नात जन्मली. मी पोटभर रडले. ओटी तेवढी राहिली; तिकडचं खोबरं आणून भरायला मन होईना.

काही महिन्यांनी परतले तेव्हा मायलेकी माझ्यासोबत होत्या. अंतर तेच, तास तेवढेच. पण मांडीवर नात होती, नकाशा लावायचं सुचलंच नाही. ह्यांचं 'अंतर सारखंच' मला थट्टा वाटलं होतं. आता वाटलं, जाता येतं आणि लेकीला घेऊन परतही येता येतं, मग लांब ते काय!

नागपूरला विमानतळाबाहेर हे उन्हात उभे होते.

"किती लांबून आली वं माय तू!" नातीला असं म्हणत त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत तीच वाटी होती, इतके महिने देव्हाऱ्यात जपलेली. मीही पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढली. नेली तशीच ती परत आली होती. टॅक्सीवाले बघत राहिले. सामानाच्या गाडीशेजारी मृणालनं ओढणी पसरली आणि मी माझ्या लेकीची ओटी भरली.