मान वर धरली तेव्हा
कापलेल्या कांद्याचा वास आला की मला ती वैशाखातली दुपार आठवते अन् माझा मलाच राग येतो. आम्ही पारोळ्याला माझ्या सासरी होतो, बाहेर नुसती भट्टी, अन् माझ्या सहा वर्षांच्या पोरीचा घोळणा फुटला, फ्रॉक सगळा लाल. सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, मलाच ओरडल्या, "तिना अंगमा गरमी शे, तुले सांगेल व्हतं आंबा दिऊ नको!" शेजारच्या अक्कांनी तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, "तिनी मान वर कर!" पोर खाली वाकायला बघत होती, अन् मीच दोन्ही हातांनी तिची हनुवटी वर दाबून धरली. मग ती रक्तच ओकली. मला वाटलं, गेली माझी पोर, तशीच उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरला, रक्त थांबलं. म्हणाल्या, "कोरड्या उन्हानं नाकात खपली धरते, पोरं बोटानं काढतात, एवढंच. मान वर धरून रक्त तुम्हीच गिळायला लावलं, तेच ओकली." आता पोर दहाची आहे, घोळणा फुटला की स्वतःच वाकून नाक धरते, अन् मी जवळ गेले की दुसऱ्या हातानं मला लांब ढकलते.