इको नसलेला स्पीकर

मला कुणाचा उपमर्द करायचा नाही, असं मी या लेखाच्या सुरुवातीला लिहिलं होतं. मग ते खोडलं. उपमर्द करायचाच आहे. तो नीट करता येईल की नाही, एवढीच शंका आहे.

आखाडा बाळापूर आणि डोंगरकडा यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव येतं. आमच्या भागात स्पीकरची परीक्षा एकाच गोष्टीवर होते. समोर उभं राहिल्यावर छातीत दणका बसला पाहिजे. काही जाणकार स्पीकरच्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात. चहा हिंदकळला की माल पास. शब्द कळतात का, असं विचारणारा जाणकार मला अजून भेटायचा आहे.

दणक्याच्या खालोखाल मान आहे तो इकोला. इको म्हणजे मशीनवरचं एक बटण. ते फिरवलं की बोललेला शब्द तीन-चार वेळा माघारी येतो, विहिरीत ओरडल्यावर येतो तसा. विहिरीत ओरडणाऱ्याला कुणी गायक म्हणत नाही, पण आमच्याकडे इको नसलेला गायक म्हणजे बिनटोपीचा फौजदार. नवरदेव आल्याचं सांगायचं तरी इको लागतो. मागच्या वर्षी एकाची शेळी हरवली, तर त्याची दवंडीसुद्धा इको लावून दिली गेली. 'शेळी... ळी... ळी' असं गावभर घुमलं. शेळी कोणाची, कुठल्या रंगाची, सापडली तर कुठं आणून द्यायची, यातलं काहीही कुणाला कळलं नाही. आवाज मात्र फार भारी होता, असं सगळे म्हणाले.

माझी आत्या शेजारच्या गावात राहते आणि गाणी रचते. तिला लिहिता येत नाही. सोयाबीन काढताना, हळद खुरपताना ती ओळी जुळवते आणि घरी आल्यावर मामांना म्हणून दाखवते. मामा म्हणजे तिचे यजमान. ते पेटी वाजवतात आणि त्यांचे चुलतभाऊ ढोलकीवर असतात. अशी ही तिघांची गायन पार्टी आहे. विहारातल्या कार्यक्रमाला, नामकरणाला, कुणाच्या पुण्यस्मरणाला त्यांना बोलावणं येतं. आत्याचा आवाज गोड आहे असं मी म्हणणार नाही. तो जरा खरखरीत आहे. पण तिच्या ओळीत टोमणा असतो, आणि तो ज्याचा त्याला बसला पाहिजे यासाठीच ती गाते.

आता यंदा आमच्या गावच्या जयंतीत काय झालं ते सांगते. मंडळाच्या अध्यक्षांनी नवा स्पीकर आणला होता. प्रवासाच्या बॅगेला असतात तशी चाकं, वर ओढायचा दांडा आणि समोर दोन मोठे गोल, ज्यांच्या कडेनं रंगीत लाइट फिरायचे. अध्यक्ष आमच्याच समाजाचे आहेत. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर मी दुसऱ्याच्या घरात डोकावून हसते आहे असं कुणाला वाटायचं. बटणांपाशी ते स्वतः बसले होते. आत्यानं मुलींच्या शाळेचं गाणं धरलं:

लेक शाळेत धाडाया, बाई, लाजू नका.

अध्यक्षांनी इको पूर्ण फिरवला. 'लाजू नका... नका... नका.'

दुसऱ्या कडव्याला पुढं बसलेल्या पोरांनी ते उचललं. आत्याची ओळ संपली की सगळी मिळून 'नका, नका, नका'. तिसऱ्या कडव्याला बापेही हसायला लागले. मुलींना शाळेत धाडण्याचं गाणं होतं आणि अख्खा मांडव नका म्हणत होता. आत्या थांबली. मामांची बोटं पेटीवर थोडा वेळ तशीच चालत राहिली. आत्यानं माईक खाली ठेवला आणि ती बायकांत जाऊन बसली.

अध्यक्ष माईकवर म्हणाले, "वा, पब्लिकनं काय कोरस दिला."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. थट्टा करायची तरी थोडी अक्कल लागते.

त्या दिवशी घरी जाताना आत्या म्हणाली, "आता न्हाई गाणार मी. माझंच बोलणं माघारी येऊन मलाच नको म्हणून राहिलं."

तिनं शब्द पाळला. दोन नामकरणांची बोलावणी आली, ती गेली नाही. शेतात ओळी जुळवणंही बंद झालं. पावसाळ्यात विहारात तीन महिने रोज ग्रंथवाचन होतं, त्याला वर्षावास म्हणतात. त्याच्या समारोपाला दरवर्षी आत्या गाते. यंदा तिनं येणार नाही म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मग डीजे लावू, पोरं खूश." म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटलाच होता.

तेव्हा मामा मला भेटायला आले. "तू कॉलेजात हायेस. हिला एक बराबर डबा बघून दे. हिचा शब्द लोकायला कळला पाहिजे. न्हाई तर ही कायमचं सोडून दील."

मी हिंगोलीच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे विषय इतिहास आणि मराठी. पण घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हटल्यावर तिला मोटारपंपापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं कळतं, असं धरून चालतात. मला काही कळत नव्हतं. मामांना तसं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून शोधायला लागले.

मोबाइलवर खोकी उघडून दाखवणारे पुष्कळ लोक आहेत. 'बघा मित्रांनो' म्हणतात, खोकं उघडतात, धडाड्धूम गाणं लावतात आणि डोळे मोठे करतात. एकानंही त्या स्पीकरमधून एखादी बाई बोलताना ऐकवली नाही. वॅटचा प्रकार तर मला कळायलाच वेळ लागला. स्पीकर सावकाश, तासन्‌तास जेवढी ताकद लावू शकतो तो आकडा वेगळा. जळायच्या आधी क्षणभर जेवढी लावतो तो वेगळा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो दुसरा. विहिरीत पडताना मारलेल्या किंकाळीवरून माणसाचा आवाज मोजावा, तसं ते वाटतं. आणि त्या आकड्यावरून लोक पारावर एकमेकांशी भांडतात.

आमची गरज साधी होती. विहाराचं अंगण भरेल एवढा आवाज. लाइट जाते म्हणून आत बॅटरी. मोटारसायकलवर मामांच्या मागं बांधता येईल असं वजन. लोकांच्या डोक्यावरून आवाज जावा म्हणून खाली स्टँड लावायची सोय, आणि आत्या व पेटी यांच्यासाठी दोन माईक. बाकी फक्त शब्द कळायला हवेत.

आत्या, मामा आणि मी हिंगोलीच्या एका दुकानात गेलो. विचारत होते मी, पण दुकानदार उत्तर मामांना देत होता. त्यानं चाकंवाला मोठा स्पीकर पुढं ओढला, गाणं लावलं. काचेच्या कपाटातले चार्जर थरथरले.

"मामा, छातीवर हात ठेवा," तो म्हणाला. "आता सांगा."

मामांनी भिडेखातर हात ठेवला.

मी म्हटलं, "यात माईक लावून बोलून बघता येईल का?"

"बोलून काय कळतंय मॅडम? गाणं लावल्याबिगर स्पीकर कळत न्हाई."

"आम्हाला माणसाचा आवाजच ऐकवायचाय."

"मग तर हाच घ्या. इको बघा याचा. फुल केला की कुणीबी गायक."

कुणीबी गायक. हे तो अभिमानानं म्हणाला. मी आत्याकडं पाहिलं. ती कपाटातल्या चार्जरकडं बघत होती.

खालच्या फळीवर एक काळा, लहानसा खोका धूळ खात पडला होता. लाइट नाही, चाकं नाही, मागं मोजकीच बटणं. मी त्याच्याविषयी विचारलं. दुकानदारानं तोंड वाकडं केलं. "तो परिपाठाचा डबा हाय. शाळावाले नेतात प्रार्थनेला. त्यात इकोच न्हाई."

मामांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं.

मी त्याला दोन्ही स्पीकर दारात लावायला सांगितले. त्यानं आत्याच्या हातात माईक दिला. "म्हणा बाई, हॅलो, चेक, वन टू थ्री."

हा वन टू थ्री मला कधीच पटलेला नाही. तो सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळं अर्धा ऐकू आला तरी पूर्ण ऐकल्यासारखा वाटतो. मी आत्याला म्हटलं, "मला माहीत नसलेलं काहीतरी बोल. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन ऐकते."

समोर चहाचं हॉटेल होतं. मधून ऑटो, ट्रॅक्टर, मोटारसायकली जात होत्या. मी हॉटेलपाशी उभी राहिले आणि हात वर केला. आधी मोठा स्पीकर. आत्याचे ओठ हलताना दिसत होते. माझ्यापर्यंत पोचलं ते 'गुडगुडगुड बाई... बाई... बाई'. हॉटेलातल्या कुणी मान वर केली नाही. या आवाजाची सगळ्यांना सवय आहे.

मग लहान डबा. आत्यानं घसा साफ केला.

"पोरी, ऐकू येऊन राहिलं का? हा भाऊ मघापासून तुझ्या मामाला छातीवर हात ठेव म्हणून राहिला. आमी स्पीकर घ्यायला आलो का दमा तपासायला?"

हॉटेलातली माणसं हसायला लागली. एकाच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. "कोण गं बाई ती?" त्यानं मला विचारलं. दुकानदार दारात येऊन रस्त्यापलीकडं बघत होता. लोक काहून हसून राहिले, हे त्याला अजून कळलं नव्हतं. तो आत गल्ल्यापाशी, स्पीकरच्या मागं होता ना.

तो डबा आम्ही घेतला. तो निर्दोष नव्हता. ढोलकीचा घुमारा त्यात बारीक लागतो. पहिल्या दिवशी घरी लावला तर शिट्टी मारायला लागला. आत्याच्या पाठीमागं ठेवला होता, त्यामुळं त्याचाच आवाज माईकमध्ये शिरत होता. पुढं नेऊन लोकांकडं तोंड केल्यावर गप्प झाला. यासाठीही मला दोन संध्याकाळी लागल्या. कॉलेजात जाऊन एवढंच.

आत्या समारोपाला गाईल, पण एकदाच, असं ठरलं. "पुन्हा हसले तर डबा एखाद्या शाळेला देऊन टाक," ती म्हणाली.

दुपारी भोजनदान झालं आणि अंगणात सतरंज्या पडल्या. डीजे फाटकापाशी येऊन उभाच होता. आमचा डबा बघून अध्यक्ष आले आणि मागची बटणं चाचपायला लागले, म्हशीच्या अंगावर गोचीड शोधतात तसे.

"इको कुठंय?"

"न्हाई," मी म्हणाले.

"बिघडलाय का?"

"दिलेलाच न्हाई."

"मग गाण्यासारखं कसं लागल?"

आत्या पदर खोचत म्हणाली, "गाणं म्हणल्यावर लागल."

तिनं तेच गाणं आधी घेतलं. 'लाजू नका' संपलं आणि ओळ तिथंच राहिली. पोरं तोंड उघडून वाट बघत होती. माघारी काहीच आलं नाही. कुणीतरी एकटंच 'नका' म्हटलं, तेव्हा पुढं बसलेल्या बाईनं वळून असं बघितलं की पुन्हा कुणी म्हटलं नाही. पुढचं कडवं सुरू झालं आणि पोरं पांगली. काही मोठी माणसंही उठून फाटकाकडं गेली. दणका नव्हता ना. जाईनात का.

मग आत्यानं दुसरं गाणं धरलं:

सदरा पांढरा, लागंना माती,
हाटेलात समाजाच्या गोष्टी होती,
घरची रानात इळा चालवती.

अध्यक्ष पहिल्या रांगेत होते आणि नेहमीसारखी मान डोलवत होते. दुसऱ्या ओळीला मान सावकाश झाली. तिसरीला थांबली. त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं, मग बायकांकडं. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. अध्यक्षांच्या घरच्या तेवढ्या सरळ बसून, पदर न लावता हसत होत्या.

गाणं संपल्यावर अध्यक्ष आले. "कोणाला बोलली गं ताई?"

"कोणाला लागलं?"

"नवं गाणं हाय का हे?"

"कुठलं नवं? तुमच्याच जयंतीत दरसाल म्हणून राहिले. तुमी वा म्हणत होता."

खरंच म्हणत होते. या माणसानं इतकी वर्षं त्या गाण्याला मान डोलवली होती, आणि ते कशाचं आहे हे त्याला त्या दुपारी कळलं. राग येऊन तो म्हणाला, "पुढच्या टायमाला डीजेच लावू."

"लावा की," आत्या म्हणाली.

मामा डब्याला गोधडी गुंडाळत होते. तेवढ्यात शेवटच्या सतरंजीवरची एक बाई उठून आली. सिद्धेश्वर धरणाकडच्या गावाहून लेकीला भेटायला आली होती. पुढच्या महिन्यात नातवाचं नामकरण होतं.

"तेच गाणं म्हणा आमच्याकडं," ती म्हणाली, "जावयासमोर. अन् हाच डबा आणा. दुसरा नको."

मी आत्याकडं बघितलं. ती नाही म्हणेल असं मला क्षणभर वाटलं, कारण एकदाच असं ठरलं होतं. ती त्या बाईला बाजूला घेऊन गेली आणि हळूच विचारलं, "जावई कोणत्या रंगाचा सदरा घालतो?"