मांजऱ्या की फुरसं

जीवशास्त्राच्या मास्तराशी लग्न केलेल्या बाईला रविवार नसतो, हे मला लग्नाआधी कुणीच सांगितलं नाही. 'मुलगा शिक्षक आहे, निर्व्यसनी आहे,' एवढंच सांगितलं. निर्व्यसनी म्हणे! तासगाव, आष्टा, कडेगाव अशा गावांतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून क्रूझर ठरवायची, तीत बायकापोरं कोंबायची आणि कुठल्यातरी उजाड माळावर जाऊन दिवसभर दगड उलथायचे, हे व्यसन नाही तर काय? त्यापेक्षा तंबाखू परवडली. घरबसल्या खाता तरी येते.

मी घरी ब्लाउज शिवते. माझ्या गिऱ्हाइकांना सुट्टी रविवारी, म्हणजे माप द्यायला बायका येणार रविवारी, आणि मी त्या वेळी कुठल्यातरी डोंगरावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभी. बरं, ते तरी सुखानं खाऊ द्यावं! डबा उघडला की कुणीतरी ओरडणार, "वहिनी, हलू नका, तुमच्या पदरावर काहीतरी आहे!" माझ्याच पदरावरचा किडा झटकायची मला परवानगी नाही. आधी तो सगळ्यांनी बघायचा, त्याचे फोटो काढायचे, मग त्याच्या नावावरून भांडायचं. नाव ठरल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. तोवर चटणीवर मुंग्या.

आणि त्यांचा तो दगडाचा नियम. उलथलेला दगड होता तसाच, त्याच बाजूनं, अलगद परत ठेवायचा. कारण खाली कुणाचं तरी घर असतं. घरी ओला टॉवेल पलंगावर फेकणारा माझा नवरा डोंगरावर गेला की एकेक दगड असा जपून ठेवतो की बघत राहावं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आवं, मी पण एका दगडाखाली जाऊन बसते, म्हणजे माझ्याही घराची काळजी घ्याल."

त्या रविवारी आम्ही कडेगावच्या बाजूच्या एका माळावर गेलो होतो. पाऊस उघडलेला, ऊन चांगलंच चटकत होतं. नवऱ्यानं एक चपटा दगड उचलला आणि खाली वीत-दीड वीत लांबीचा साप वेटोळं करून बसलेला. झालं! सगळी पोरं गोळा केली. आमची सहावीतली लेक सगळ्यांत पुढं.

"हा मांजऱ्या," नवरा म्हणाला. "अजिबात घाबरायचं नाही. डोक्यावरची खूण बघून घ्या."

आष्ट्याच्या बाई, चष्मा सावरत, खाली वाकल्या. "सर, मला फुरसं वाटतंय. अंगावर अंग घासल्याचा आवाज येतोय बघा."

"वारा आहे तो, बाई," हे म्हणाले. माझा नवरा एकदा बोलला की बोलला. वर्गात चालतं, म्हणून बाहेरही चालवतो.

मग साहेब दगड परत ठेवायला बसले. होता तसाच, त्याच बाजूनं, अलगद. बोटं खाली घालून. आणि "स्स" करून त्यांनी हात मागं घेतला. बोटावर रक्ताचा ठिपका होता.

मी पुढं धावले. यांनी मात्र ते बोट वर धरून पोरांना दाखवलं. "बघा, मांजऱ्या बिनविषारी. चावला तरी काही होत नाही."

"बिनविषारी म्हणू नका पोरांसमोर," कडेगावचे सर म्हणाले. ते त्या सगळ्यांत वडीलधारे. "मांजऱ्या निमविषारी."

"पण हा मांजऱ्याच नाही!" आष्ट्याच्या बाई म्हणाल्या.

मग जी जुंपली! शेपूट बारीक की आखूड, खूण बाणासारखी की नाही, खवले खरबरीत की गुळगुळीत. मी म्हटलं, "आवं, दवाखान्यात चला."

"अगं, आधी ठरू दे."

"काय ठरू दे?"

"विषारी आहे का नाही ते."

"ते दवाखान्यात ठरंल की!"

ऐकतंय कोण? कडेगावच्या सरांनी सापाचा फोटो काढला. कुठल्यातरी सापवाल्या ग्रुपवर टाकतो म्हणाले, दोन मिनिटांत उत्तर येतं. रेंज नव्हती. मग ते हात वर करून मोबाईल धरत टेकाडावर चढायला लागले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! हाच माझा नवरा गावोगाव जाऊन सांगतो, साप चावला तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! इथं तर सगळे मांत्रिक आपणहून गोळा झाले होते, तेही एम.एस्सी. झालेले.

तेवढ्यात लेक माझा पदर ओढत म्हणाली, "मम्मी, पप्पांचं बोट बघ."

बोट टम्म फुगलं होतं आणि सूज मागं तळव्यावर सरकत होती. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मी ओरडून ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी काढा!"

"वैनी, सर लोक थांबा म्हणत्यात न्हवं?"

"सर लोकांना राहू दे हितंच. तुमी गाडी काढा!"

नवऱ्याचा दुसरा हात धरून मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. आष्ट्याच्या बाई धावत येऊन लेकीजवळ बसल्या. गाडी वळली तेव्हा टेकाडावरून कडेगावचे सर ओरडत होते, "दोघं फुरसं म्हणतायत, एक मांजऱ्या म्हणतोय!"

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सापाचं नाव विचारलंसुद्धा नाही. रक्त काढलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. बाकीची मंडळी कुणाच्या तरी जीपनं मागून आली आणि दारात उभी राहिली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं. रक्त कसं गोठतं हे दरवर्षी फळ्यावर शिकवणारी माणसं सगळी दारात, पण सांगितलं डॉक्टरांनीच: विष भिनलंय, रक्त गोठत नाही. नवरा नळीकडं बघत होता. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"पोरीला बाहेर ने," ते म्हणाले.

मी त्यांना सोडून हलले नाही. आष्ट्याच्या बाईंनी लेकीला बाहेर नेलं. सलाईन लागलं, सापाच्या विषावरच्या लसीच्या बाटल्या त्यात रिकाम्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी परत रक्त बघू, तोवर काही सांगता येत नाही. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. सूज कोपरापर्यंत आली होती. यांच्या ओठांत चमच्यानं पाणी घालायचं, सलाईनकडं बघायचं, एवढंच. दुपारभर माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कुणाच्या बापाला थांबवता येत नाही.

"तू काही बोलत कशी नाहीस?" त्यांनी मध्येच विचारलं.

"काय बोलू?"

"शिव्या दे की. एवढा मूर्खपणा केला मी." मग त्यांचा आवाज चिरकला. "डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का? वाचणार नाही म्हणाले का? म्हणून गप्प आहेस का?"

"गप पडा," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. काय सांगणार? पुढ्यातला माणूस राहतोय की जातोय हे कळत नसताना त्याला कसं बोलावं? शेवटचं म्हणून तेच त्याच्या कानात राहिलं तर?

संध्याकाळी परत रक्त काढलं, परत नळी उभी केली. मी तिच्याकडं बघितलंच नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी नळी तिरकी केली, मग पार उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

"गोठलं," डॉक्टर म्हणाले. "आता धोका टळला म्हणायला हरकत नाही."

ते बाहेर गेले आणि माझा बांध फुटला. "अक्कल गहाण ठेवलेली का? पोरीसमोर सापाच्या दगडाखाली बोटं घालता? बाई सांगतायत फुरसं, तर वारा आहे म्हणे! काही झालं असतं तर मी काय करायचं होतं, कुणाच्या तोंडाकडं बघायचं होतं, सांगा की आता!" मी रडत होते आणि बोलत होते, आणि दोन्ही थांबत नव्हतं. नर्स धावत आली. "आवं ताई, पेशंट हायत ते. हळू बोला."

"नाही नाही, बोलू द्या तिला," नवरा म्हणाला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "बोल गं. बोल."

मी बोलत राहिले.